बॉम्ब पडायच्या आधी उतरा

५ मे १९५५. पहाटेचे पाच वाजून गेलेत. तुम्ही नेवाडाच्या वाळवंटात एका खडकाळ उंचवट्यावर उभे आहात आणि मे महिना असूनही वाऱ्याने कान बधिर झालेत. आजूबाजूला पत्रकार, कॅमेरेवाले, नागरी संरक्षण खात्याचे बिल्ले लावलेली माणसं. गेले काही दिवस ही मंडळी ताटकळली होती; वारा उलटा म्हणून स्फोट पुढे पुढे ढकलला जात होता. आज वारा बरा आहे. कुणीतरी तुमच्या हातात काळ्या काचांचा जाड चष्मा ठेवतं. तो चढवला की समोरचा अंधारही दिसेनासा होतो.

त्या अंधारात एक गाव आहे. काल संध्याकाळी तुम्ही तिथे चक्कर मारून आलात. विटांचं दुमजली घर, लाकडाचं दुमजली घर, काँक्रीटचं बैठं घर. मोटारी उभ्या, विजेचे खांब रोवलेले, गॅसच्या टाक्या, रेडिओचा मनोरा. गावाला नसतं ते फक्त गाव: रस्ता कुठून येत नाही, कुठे जात नाही, कुत्रं भुंकत नाही. एका घरात तुम्ही डोकावलात. दिवाणखान्यात अख्खं कुटुंब बसलेलं, सगळे पुतळे. अंगावर ‘जे. सी. पेनी’ या दुकानसाखळीचे कोरे कपडे. बाईच्या बाहीवरची घडी अजून मोडलेली नाही. मुलाचे मोजे गुडघ्यापर्यंत ओढलेले. स्वयंपाकघरात डबाबंद भाज्या मांडून ठेवल्यात, कारण स्फोटानंतर त्या खाण्यालायक उरतात का हेही तपासायचं आहे. उद्या काय होणार हे त्या पुतळ्यांना सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. तुम्ही सवयीने दार ओढून घेतलंत.

पाच वाजून दहा मिनिटांनी पाचशे फुटी मनोऱ्यावरचा बॉम्ब उडतो. २९ किलोटन. आधी फक्त उजेड येतो, आवाज नाही. एवढ्या मोठ्या गोष्टीला आवाज नाही याचीच भीती जास्त वाटते. मग बऱ्याच वेळाने छातीवर थाप बसते आणि शेजारचा पत्रकार वहीत काहीतरी खरडायला लागतो. सगळ्यात जवळचं विटांचं घर विटांचा ढीग झालंय. लांबचं एक लाकडी घर तगलं; ते आजही तिथेच उभं आहे. शे-सव्वाशे किलोमीटरवरच्या लास वेगासमधली हॉटेलं या स्फोटांची जाहिरात करतात. गच्चीवर पार्टी, हातात ‘अणु-कॉकटेल’, आणि पहाटे आकाशात ढग.

आता ४२ वर्षं पुढे चला. १९९७, कॅलिफोर्नियातलं अर्व्हाइन शहर, ‘इंटरप्ले’ या गेम कंपनीचं ऑफिस. टिम केन नावाच्या प्रोग्रामरने १९९४ मध्ये जवळपास एकट्याने सुरू केलेला एक गेम अखेर बाहेर पडतोय. कंपनीचा १९८८ चा ‘वेस्टलँड’ गाजला होता, पण त्याचे हक्क दुसऱ्या कंपनीकडे अडकलेले, म्हणून नवं जग उभारावं लागलं. त्या जगाला तोंडवळा दिला कला-दिग्दर्शक लेनर्ड बोयार्स्कीने. हे आपलं भविष्य नाही. १९५० च्या दशकातल्या माणसांना जे भविष्य दिसत होतं ते खरंच आलं आणि मग त्यावर बॉम्ब पडले, असं ते जग. घरकाम करणारे यंत्रमानव आहेत, अणुऊर्जेवर पळणाऱ्या मोटारी आहेत, पण पडदे काळे-हिरवे आणि यंत्रांच्या पोटात व्हॅक्यूम ट्यूब. गेमचं नाव ‘फॉलआउट’. सुरुवातीला ‘द इंक स्पॉट्स’चं जुनं मवाळ गाणं लागतं, आणि कॅमेरा मागे मागे सरकला की कळतं की टीव्ही एका उद्ध्वस्त शहरात एकटाच चालू आहे.

तुम्ही नेवाडातून आलात म्हणून तुम्हाला हे लगेच ओळखू येतं. हा टीव्ही कालच्या त्या दिवाणखान्यातलाच आहे.

या मालिकेच्या इतिहासात २३ ऑक्टोबर २०७७ रोजी अणुयुद्ध होतं आणि दोनेक तासांत संपतं. पुढचे गेम कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, लास वेगास, बॉस्टन, वेस्ट व्हर्जिनिया अशा हिंडत राहतात, पण अमेरिकेची हद्द ओलांडत नाहीत. २००८ च्या तिसऱ्या भागापासून मालिका ज्यांच्याकडे आहे त्या ‘बेथेस्डा’चे टॉड हॉवर्ड यांनी हे उघड सांगितलंय: अमेरिकी भाबडेपणा हा या खेळाचा गाभा आहे, बाहेरच्या जगाचा उल्लेख होईल, पण मुक्काम मुख्यतः घरीच. चाहते काही गप्प बसत नाहीत. फॉलआउट लंडनमध्ये का नाही, टोकियोत का नाही, मुंबईत का नाही? आणि यातल्या बहुतेक कल्पना सारख्याच असतात. आयफेल टॉवर वाकवा, ताजमहालाचा घुमट फोडा, दोन डोक्यांचे प्राणी सोडा, झाला नवा भाग.

मला हा रस्ता चुकीचा वाटतो. पडलेली भिंत कुठल्याही देशात पडलेली भिंतच असते. वेगळं असतं ते बॉम्बच्या आदल्या दिवशीचं गाव: तिथल्या माणसांना कशाची स्वप्नं पडत होती, आणि शेवट आलाच तर काय करायचं हे तिथल्या सरकारने कुठल्या कागदावर लिहून ठेवलं होतं. म्हणून नव्या देशातलं, युद्धाला दोनशे वर्षं झाल्यावरचं २२७७ साल हवं असेल, तर कालयंत्राचा काटा मागेच फिरवावा लागतो. तुम्ही फिरवा, मी पत्ते सांगतो.

पहिला पत्ता इंग्लंड, १९८३ चा पावसाळी शनिवार. तसे तिथे सगळेच शनिवार पावसाळी, पण असो. यॉर्कशरमधलं एक कुरण. मेंढ्या तुमच्याकडे बघतात आणि पुन्हा चरायला लागतात. गवतात गुडघाभर उंचीचा काँक्रीटचा ठोकळा, त्यावर लोखंडी झाकण. झाकण उचललं की सरळ खाली जाणारी शिडी. पंधराएक फूट उतरलात की तुम्ही एका खोलीत पोचता. खोली कसली, रेल्वेच्या डब्यातल्या कूपेपेक्षा थोडी ऐसपैस. एक टेबल, दुमजली पलंग, बॅटरीवरचा मिणमिणता दिवा आणि तीन माणसं. ही ‘रॉयल ऑब्झर्व्हर कोअर’ची चौकी. अशा दीड हजारांवर चौक्या देशभर खणल्या होत्या, त्यातल्या निम्म्याच्या आसपास १९६८ मध्ये बंद झाल्या. माणसं स्वयंसेवक. एक बँकेत कारकून, एक शेतकरी, एक शाळामास्तर, असं समजा. आठवडाभर नोकरी, सुट्टीत अणुयुद्धाचा सराव.

भिंतीवर एक तबकडी आहे. स्फोटाचा दाब आला की काटा हलतो, आणि बॉम्ब किती ताकदीचा होता ते कळायला मदत होते. पण बॉम्ब कुठे पडला? त्यासाठी वर, झाकणाजवळ, एक पांढरा डबा बसवलाय. त्याला चार दिशांना चार बारीक छिद्रं, आणि आत फोटोचा कागद. स्फोटाच्या लोळाचा उजेड छिद्रातून आत शिरतो आणि कागदावर डाग उमटवतो. डागाच्या जागेवरून दिशा आणि उंची मोजायची. उपकरण साधं, स्वस्त, डोकेबाज. फक्त एक अडचण आहे, आणि ती तुम्हाला शेतकरीबुवा चहाचा घोट घेता घेता सांगतात: स्फोट झाल्यावर कागद बदलायला तिघांपैकी एकाने शिडी चढून वर जायचं.

“मग कोण जातं?” तुम्ही विचारता.

“ज्याची पाळी असेल तो,” शाळामास्तर म्हणतात. त्यांच्या आवाजात काहीच नाही. पाळी म्हणजे पाळी.

वर, गावातल्या एखाद्या घरी, ‘प्रोटेक्ट अँड सर्व्हाइव्ह’ नावाची सरकारी पुस्तिका पडलेली असेल. १९८० मध्ये ती ५० पेन्सला विक्रीला आली. घरातली दारं बिजागऱ्यांवरून काढा, आतल्या भिंतीला तिरकी टेकवा, वर मातीने भरलेल्या पिशव्या रचा, खिडक्यांना पांढरा रंग फासा, आणि पहिले दोन दिवस-रात्र त्या दारांखाली, एकूण दोन आठवडे त्याच खोलीत सगळं कुटुंब घेऊन काढा. अमेरिकेचं भविष्य चकचकीत आणि क्रोमचं होतं. ब्रिटनचं भविष्य म्हणजे काढलेलं दार. कुणी कुणाला स्वप्नं विकत नव्हतं. सूचना पाळायच्या, रांग मोडायची नाही.

म्हणूनच ‘फॉलआउट: लंडन’ जमून आला. हा बेथेस्डाचा गेम नव्हे. चाहत्यांच्या एका गटाने चौथ्या भागाच्या सांगाड्यावर अनेक वर्षं खपून उभारलेला हा मॉड २५ जुलै २०२४ रोजी फुकट बाहेर आला. तो मुळात २३ एप्रिलला, सेंट जॉर्जच्या सणाला यायचा होता, पण बेथेस्डाने त्याच आठवड्यात मूळ गेममध्ये बदल केले आणि मॉडवाल्यांचं सगळं वेळापत्रक कोलमडलं. त्यातलं साल २२३७. वॉल्ट-टेक ही मूळ खेळातली बंकर विकणारी अमेरिकी कंपनी, तेव्हा लंडनमध्ये तिचे बंकर नाहीत. बंदुका कमी, दांडकी जास्त. मूळ खेळातल्या बाटलीच्या झाकणांऐवजी व्यवहार तिकिटांवर चालतो. असं बारीकसारीक बदललं की लंडन खरंच लंडन वाटायला लागतं, बिग बेन पाडायची गरज पडत नाही.

पुढचा पत्ता मॉस्को, ६ नोव्हेंबर १९४१ ची संध्याकाळ. जर्मन फौज शंभरेक किलोमीटरवर आलीय. वर शहरात पूर्ण काळोख, आणि तुम्ही मायाकोव्स्काया या भुयारी रेल्वे स्टेशनात उतरताय. पायाखाली संगमरवर. पोलादी चकाकत्या कमानींची रांग. मान वर केलीत तर छतात अंडाकृती कोनाडे, आणि प्रत्येकात अलेक्झांडर देइनेकाची मोझेक चित्रं: विमानं, पॅराशूटवाले, फळांनी लगडलेल्या फांद्या, म्हणजे जमिनीखालून दिसणारं आकाश. आज फलाटावर खुर्च्या मांडल्यात. क्रांतीच्या वर्धापनदिनाची सभा इथे भरणार आहे, कारण वर बॉम्ब पडू शकतात. थोड्या वेळाने स्टालिन बोलायला उभे राहतात.

राजवाडाच जमिनीखाली बांधायचा, आणि मग तोच आसरा म्हणून वापरायचा, हा सोव्हिएत मनसुबा. त्याचं उद्ध्वस्त रूप म्हणजे ‘मेट्रो २०३३’. दमित्री ग्लुखोव्स्कीची कादंबरी २००२ मध्ये इंटरनेटवर अवतरली, २००५ मध्ये छापून आली, आणि कीव्हच्या ‘४ए गेम्स’ने २०१० मध्ये तिचा गेम केला. त्यात प्रत्येक स्टेशन म्हणजे एक राज्य. वर्तुळाकार मार्गावर व्यापारी, एका मार्गावर पुन्हा कम्युनिस्ट, मधल्या काही स्टेशनांवर चक्क नाझी. चलन म्हणून युद्धाआधीच्या चांगल्या प्रतीच्या बंदुकीच्या गोळ्या. शत्रूवर झाडली की पैसे गेले. मनगटावर घड्याळ. मुखवट्याची गाळणी अजून किती टिकेल ते त्यावर दिसतं. हा गेम खेळताना मला फॉलआउटची एकदाही आठवण आली नाही, आणि परक्या देशात नेलेल्या खेळाची खरी पावती हीच म्हणायची.

इथून थेट परतू नका. २४ फेब्रुवारी २०२२ ला, रशियाने हल्ला केला त्या दिवशी, कीव्हमध्ये उतरा. अर्सेनाल्ना स्टेशन जमिनीखाली सुमारे एकशेपाच मीटर आहे, जगातल्या सगळ्यात खोल स्टेशनांपैकी एक. दोन लांबच लांब सरकते जिने, उभ्या उभ्या पाय अवघडतात. खाली सतरंज्या, मांजरांच्या टोपल्या, फोन चार्ज करायला एकाच प्लगभोवती जमलेली माणसं. मॉस्कोच्या भुयारात अडकलेल्या माणसांची गोष्ट ज्या शहराने गेममध्ये बांधली, ते शहर मॉस्कोच्या क्षेपणास्त्रांपासून वाचायला भुयारात बसलंय. युद्धाला विरोध केला म्हणून ग्लुखोव्स्कीला रशियातल्या न्यायालयाने २०२३ मध्ये त्याच्या गैरहजेरीत आठ वर्षांची शिक्षा ठोठावली. यावर मला शेरा मारायचा नाही.

चेर्नोबिलला जायची तुमची इच्छा मला कळते, पण तिथे फार थांबू नका, तिथे आधीच गर्दी आहे. ‘स्टॉकर’ मालिकेने प्रिप्यातचा आकाशपाळणा इतका फिरवलाय की तो न बघितलेल्या माणसालाही पाठ झालाय. एवढं मात्र बघून घ्या: त्या गेममध्ये पुढचा रस्ता सुरक्षित आहे का ते पाहायला खिशातला लोखंडी बोल्ट फेकतात. ही युक्ती स्त्रुगात्स्की बंधूंच्या १९७२ च्या कादंबरीतून आली, चेर्नोबिलच्या अपघाताच्या चौदा वर्षं आधी.

आणि चीन? मूळ मालिकेतला शत्रूच चीन. त्याने अलास्कावर चाल केली, अँकरेजला लढाई झाली, वगैरे. पण चिनी बाजूने हा खेळ कुणी रचल्याचं माझ्या पाहण्यात नाही. १९६९ मध्ये सोव्हिएत सीमेवर चकमकी झाल्या तेव्हा बीजिंगची साधी माणसं फावडी घेऊन गल्ल्यांखाली भुयारं खणत होती. ज्याला शत्रू म्हणून नुसतं टिपायचं, त्याच्या घरात खाली कोण, कशासाठी खणतंय हे बघायला मला आवडेल. मालिकेचा सगळ्यात धाडसी भाग तोच असेल, आणि म्हणूनच तो निघणार नाही.

आता जपान. इथे सावकाश चालू.

९ ऑगस्ट १९४५, हिरोशिमाच्या पश्चिमेचा कोई भाग. तीन दिवसांपूर्वी सव्वाआठ वाजता बॉम्ब पडला. १९४५ संपेपर्यंत या शहरातली सुमारे १,४०,००० माणसं गेलेली असतील. तुमच्या समोर सपाट, जळकं मैदान आहे. वास आहे, त्याबद्दल मी लिहिणार नाही. आणि या मैदानाच्या कडेने, खडखडत, एक ट्राम येते.

ही कल्पना नाही. बॉम्बनंतर तिसऱ्याच दिवशी कोई ते निशी-तेनमा या छोट्या टप्प्यावर ट्राम पुन्हा चालू झाली. पुरुष लढाईवर गेल्याने ट्राम कंपनीने १९४३ मध्ये मुलींची शाळा काढली होती: अर्धा वेळ अभ्यास, अर्धा वेळ ट्रामवर काम. चौदा-पंधरा वर्षांच्या मुली तिकिटं फाडत, गाड्या हाकत. त्यातल्या कित्येक सहा तारखेला गेल्या. ज्या उरल्या त्यांतल्या काही पुन्हा कामावर आल्या. तुम्ही पायरीवर पाय ठेवता. दांड्याला धरून उभी असलेली कंडक्टर तुमच्या खांद्याइतकीही नाही. तिच्या कपाळाला पट्टी आहे. ती तुमच्याकडे बघते, मग मागच्या म्हाताऱ्याला चढायला हात देते. तिला तुमच्यात काही रस नाही. ट्राम सुरू होते.

फॉलआउट खेळलेल्या प्रत्येकाला एक गोष्ट खटकलेली असते. युद्ध होऊन दोनशे वर्षं झाली तरी लोक ज्या घरात राहतात तिथला सांगाडा कुणी उचलत नाही. कचरा कुणी झाडत नाही. माणूस झोपतो आणि उशाशी कवटी. दोनशे वर्षं! आणि इथे तिसऱ्या दिवशी ट्राम. सहा तारखेला स्फोट सोसलेल्या गाड्यांपैकी ६५१ क्रमांकाची ट्राम दुरुस्त होऊन कित्येक दशकं त्याच शहरात धावत राहिली.

त्याच ९ ऑगस्टला, तुम्ही ट्राममध्ये असताना, अकरा वाजून दोन मिनिटांनी नागासाकीवर दुसरा बॉम्ब पडला. त्याचं टोपणनाव ‘फॅट मॅन’. २००८ च्या ‘फॉलआउट ३’ मध्ये खांद्यावरून छोटा अणुबॉम्ब फेकणारं एक हत्यार आहे, त्याचंही नाव हेच. जपानी आवृत्तीत ते बदलावं लागलं. त्या गेममध्ये मेगाटन नावाची वस्ती आहे, न फुटलेल्या बॉम्बभोवती वसलेली, आणि तो बॉम्ब उडवून अख्खी वस्ती पुसून टाकायची मुभा खेळाडूला आहे. जपानी खेळाडूला ती मुभा मिळाली नाही. याला कुणी सेन्सॉरशिप म्हणेल. मी म्हणेन, काही देशांत हा विनोद लागू होत नाही, कारण त्यांनी बॉम्ब आधी अंगावर झेललाय. जपानने स्वतःचे विनोद आणि स्वतःचे राक्षस वेगळे घडवले. १ मार्च १९५४ ला बिकिनीतल्या अमेरिकी चाचणीची राख एका जपानी मासेमारी बोटीवर पडली, आणि त्याच वर्षी समुद्रातून गॉडझिला वर आला. ‘शिन मेगामी टेन्सेई’ या १९९२ च्या गेममध्ये टोकियोवर क्षेपणास्त्रं पडतात, आणि ती अमेरिकेची असतात. अमेरिकी मालिकेला या गावात पाहुणी म्हणून यायचं असेल तर चपला बाहेर काढून यावं लागेल.

भारतात एक्सबॉक्स ३६० साठीचा ‘फॉलआउट ३’ आलाच नाही. ऑक्टोबर २००८ मध्ये, गेम जगभर निघायच्या तोंडावर, मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं की इथल्या सांस्कृतिक भावना लक्षात घेऊन तो इथे आणत नाही. नेमकं काय खुपलं ते सांगितलं नाही. सगळ्यांनी बोट दाखवलं ते खेळातल्या दोन डोक्यांच्या गुरांकडे, ज्यांना मालिकेत पहिल्या भागापासून ‘ब्राह्मिन’ म्हणतात. काटा त्या दिवाळीच्या आठवड्यात मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणून थांबवलात तर तुम्हाला गंमत दिसेल: ज्याला हवा त्याला हवं ते मिळतंच, पावती तेवढी मिळत नाही.

पण भारतातला फॉलआउट शोधायला ती गुरं उपयोगाची नाहीत. त्यासाठी ४ ऑगस्ट १९५६ ला तुर्भ्याला, म्हणजे ट्रॉम्बेला या. पावसाने डोंगर हिरवागार, खाडीपलीकडे धुक्यात घारापुरी. एका शेडमध्ये पाण्याचा खोल हौद, कठड्याला रेलून तुम्ही खाली बघताय. पाण्यात खोलवर ‘अप्सरा’ अणुभट्टी. आज ती पहिल्यांदा स्वतःच्या बळावर चालते. इंधन ब्रिटनहून आलंय, बाकी बांधणी इथली. हे नाव तिला पुढे पंडित नेहरू देतील, पाण्यातल्या निळ्या प्रकाशावरून. वर्षभरापूर्वी होमी भाभा जिनिव्हाच्या अणुपरिषदेचे अध्यक्ष होते आणि दोन दशकांत हायड्रोजनच्या संमीलनातून ऊर्जा काबूत येईल असं भाकीत त्यांनी तिथे केलं होतं. बटण दाबलं की समुद्राच्या पाण्यातून वीज. अमेरिकेइतकंच चकचकीत स्वप्न होतं हे. फरक इतकाच की अमेरिकेत अणू स्वयंपाकघरात शिरणार होता, आणि आपल्याकडे तो पंचवार्षिक योजनेतून, खात्यामार्फत, टेबलाटेबलांवरून सरकत येणार होता.

तेव्हा २२७७ च्या मुंबईत चलन बाटलीच्या झाकणांचं नसेल. शिधापत्रिका असेल. कोरी पत्रिका कोट्यधीश, फाटकी पत्रिका भणंग, आणि नाव कमी करून घेतल्याचा दाखला नसेल तर दुसऱ्या वस्तीत पाणीसुद्धा नाही. १९६५ आणि १९७१ च्या ब्लॅकआउटमध्ये खिडक्यांना काळे कागद आणि मोटारीच्या दिव्यांना अर्धा काळा रंग लावलेलं शहर आहे हे. ते कागद दोनशे वर्षांनीही काचेला चिकटलेले असतील. आणि ओसाड रस्त्यावर एकटाच भटकणारा, नाव-गाव नसलेला तो नायक? इथे पहिल्याच वळणावर एखादी आजी त्याला विचारेल, “कुठल्या गावचा रे तू? आडनाव काय?” संवादाचे चार पर्याय पडद्यावर येतील आणि चारही पर्यायांतून ती जात शोधून काढेल. दोन डोक्यांची गाय लपवता येईल, हे नाही. या प्रश्नाला भिणारा भारतीय भाग काढूच नये.

राहिला बंकर. स्वित्झर्लंडने १९६३ मध्ये कायदाच केला की प्रत्येक रहिवाशाला आसरा हवा, आणि ल्युसर्नच्या सोनेनबर्ग बोगद्यात २०,००० माणसांची सोय केली. १९८७ च्या सरावात त्या बोगद्याचं दीड मीटर जाडीचं एक दार नीट बंद होईना. स्विस लोकांच्या बाबतीत ही बातमी ठरते. आपल्याकडे दार बंद होण्याचा प्रश्न येत नाही, कारण दार कुणी बसवायचं यावरच वाद असतो.

पण समजा बसवलंच. २०७७ साल, चेंबूरच्या डोंगराखालचा बंकर. मूळ खेळातल्या अमेरिकेत तो कंपनी बांधते आणि आतल्या माणसांवर गुपचूप प्रयोग करते. इथे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० पुरेसा आहे, वेगळा प्रयोग लागत नाही. दोनशे वर्षांनी तुम्ही तिथे जन्मलात, वयात आलात, आणि पाणी शुद्ध करणारी चिप जळाली म्हणून कुणीतरी बाहेर जायला हवंय. तुम्ही तयार आहात. पाठीवर पिशवी, मनगटावर यंत्र, समोर गोल पोलादी दार. दारावर नोटीस चिकटवलीय. बाहेर पडणाऱ्या सभासदाने संस्थेचं ना हरकत प्रमाणपत्र जोडावं. थकबाकी असल्यास ते मिळणार नाही. सेक्रेटरी चष्मा पुसत वही उघडतात. तुमच्या पणजोबांच्या नावावर सतराशे रुपये आणि त्यावरचं दीडशे वर्षांचं व्याज निघतं. ते माफ करायचा अधिकार कमिटीला नाही, सर्वसाधारण सभेला आहे. सभा बोलावली जाते. पाणी चार दिवसांचं उरलंय, तरी तिसऱ्या मजल्यावरच्यांना आधी गळतीचा विषय घ्यायचाय. हजेरी मोजतात. कोरम भरलेला नाही. सभा अर्धा तास तहकूब, त्यानंतर त्याच जागी, आहेत तेवढ्या सभासदांत.